लागू नसेल ते खोडा

'लागू नसेल ते खोडा.' आकारामनं फॉर्मवरचं हे वाक्य पाचव्यांदा वाचलं आणि पेन पुन्हा कानावर ठेवलं. वर त्याचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं. त्याखाली दोनच शब्द होते, चालू आणि बंद. त्यातला एक खोडायचा आणि खाली सही ठोकायची. फौंड्रीत मातीचा साचा नुसत्या बोटानं दाबून पक्का की कच्चा सांगणारा हा माणूस आज एका रेघेपुढं अडून बसला होता.

येत्या एक जूनला त्याला अठ्ठावन्न पुरी होणार होती. ही तारीख शाळेतल्या गुरुजींनी निम्म्या गावाला वाटली होती, त्यामुळं ती खरी नाही हे त्याला ठाऊकच होतं. वर्ष तरी खरं असेल, अशी त्याची समजूत होती. फौंड्रीचे मालक त्याला सोडायला तयार नव्हते, म्हणजे काम चालूच राहणार होतं. प्रश्न पेन्शनचा होता. ऑफिसातल्या दीप्तीनं दोनदा समजावलं होतं, "काका, आत्ता भरणा बंद केला तर पेन्शन लगेच सुरू होईल. साठपर्यंत भरणा चालू ठेवला तर ती साठला सुरू होईल, पण जास्त मिळेल. ठरवा आणि सोमवारी फॉर्म आणा."

ठरवायला सोपं होतं. पण आकारामच्या घराण्यात साठी कुणी बघितलीच नव्हती. वडील एकोणसाठाव्या वर्षी गेले, चुलते त्याच्याही आधी. ही भीती त्याच्या मनात ठाण मांडून बसली होती आणि ती त्यानं बायकोला कधी कळू दिली नव्हती. आज ती तोंडातून निसटली.

"साठला सुरू हुणारी पेन्शन काय माझ्या फोटोला देणार हाईत?"

भाकरी थापणारे बनाबाईचे हात थांबले. "आवं, रविवारचं काय वंगाळ बोलताय? चालू ठेवा की गप!"

"काय नगं. बंदच करतो." त्यानं कानावरचं पेन काढलं.

कोपऱ्यात आक्का चिंचा फोडत बसली होती. ही त्याची थोरली बहीण, डोळे दाखवायला कागलहून आली होती. फौंड्र्यांचं सगळं उद्यमनगर त्याला आकाराम म्हणायचं. गुंडू म्हणणारी आता जगात एवढी एकटीच उरली होती.

"कुणाची साठी आली रं गुंडू?" तिनं विचारलं.

"माझीच की, आक्का. एक तारखेला अठ्ठावन्न पुरी."

आक्कानं चिंचेनं चिकट झालेल्या बोटांवर मोजलं. "तुझी कुठली अठ्ठावन्न? ती आकारामची. तुला आजून छप्पन्न बी पुरी न्हाईत."

"मग मी कोण हाय?" तो हसला. बनाबाईही हसली. आक्का हसली नाही. तिच्या हातातला दगड तसाच राहिला.

"आईनं सांगितलं न्हाय व्हय रं तुला? मला वाटलं, जाताना तरी सांगितलं आसंल."

मग तिनं सांगितलं. आकाराम त्यांचा मधला भाऊ. त्याचं पहिलीत नाव घातलं आणि दिवाळी सरताच तो गोवरनं गेला. गुरुजी हजेरीची वही घेऊन दारात आले, नाव कमी करायला. आईनं चार वर्षांच्या गुंडूला ओढत आणून त्यांच्यापुढं उभं केलं. शाळेचा पट भरत नव्हता, साहेब तपासणीला यायचे होते. गुरुजींनी वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून गुंडू थोरल्याचा सदरा घालून शाळेत जाऊ लागला आणि नाव पुकारलं की 'हजर' म्हणू लागला. आईनं सगळ्या भावकीला शपथ घातली होती.

आकारामला तो सदरा आठवला, गुडघ्यापर्यंत येणारा. पाटीच्या चौकटीवर खिळ्यानं कोरलेलं नाव आठवलं. अक्षरओळख होण्याआधीपासून ते तिथं होतं आणि ते कुणी कोरलं, हे त्यानं कधीच विचारलं नव्हतं. आईनं त्याला मरेपर्यंत एकदाही आकाराम म्हटलं नव्हतं. लाडानं गुंडू म्हणते, असं तो समजत होता. रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत, पोरांच्या नावामागं, सगळीकडं तो दुसराच. गेली चाळीस वर्षं तो एका सहा वर्षांच्या पोराची सही करत आला होता. बनाबाई त्याच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तशी बघत होती.

तव्यावरची भाकरी करपली. कुणीच उठलं नाही.

त्यानं फॉर्म पुढं ओढला. 'लागू नसेल ते खोडा.' त्याचं पेन चालूवर गेलं नाही आणि बंदवरही गेलं नाही. ते वर सरकलं आणि नावावर येऊन टेकलं.

आक्काला वाचता येत नव्हतं. पण पेन कुठं टेकलं ते तिला बरोबर कळलं. तिनं चिकट हातानं त्याचं मनगट धरलं.

"खोडू नगंस! आईनं गुरुजीस्नी बी खोडू दिलं न्हवतं. पाय धरून म्हणाली हुती, नाव ऱ्हाऊ द्या गुरुजी, त्येची ऱ्हायलेली वर्सं ह्यो भरंल."

मग गुंडूनं 'बंद' हा शब्द खोडला आणि खाली भावाची सही केली.