मोठ्याने दिलेली कबुली

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही दहा वर्षांची लूर्डस आहात. साल एकोणीसशे बावन्न, दारूबंदीचे दिवस. पाचूबंदरच्या किनाऱ्याला बाबाची होडी लागली की तुम्ही दोराला दोन हिसके देता. मग बाबा वळतो आणि हसतो.

तो बाबा, आग्नेल, आता तुरुंगात आहे. किनाऱ्यावर कुणीतरी दारूचा डबा टाकून पळालं. शिपायांनी आग्नेलला मागून हाका मारल्या. तो चालतच राहिला, म्हणून तोच गुन्हेगार ठरला. सहा महिने सक्तमजुरी.

लूर्डसची आई सालोमी तिला घेऊन कोर्टाच्या खिडकीशी गेली.

"कबुली दिलेल्याला अपील नाही," कारकून म्हणाला.

"सायेब, त्यानं कबूल नाय केलं."

"सगळ्यांच्या बायका हेच सांगतात."

"पन तो—"

"आधी निकालाची नक्कल घ्या. मग बोला."

नक्कल आठ दिवसांनी मिळाली. लूर्डसने वाचून दाखवली: 'आरोपीने गुन्हा मोठ्याने व स्वखुशीने कबूल केला.' त्या दिवशीच्या बाकी पाच आरोपींच्या घरची माणसं नकला घ्यायला आली होती; त्यांच्याही कागदांवर हेच वाक्य होतं.

सालोमीची मूठ वळली.

"आई, चुरगळू नको. परत आठ दिवस जातील."

मग कबुली खोटी असल्याचा अर्ज केला, तर त्यावर कोर्ट-फीचं तिकीट नव्हतं. तिकीट लावलं, तर आग्नेलचा अंगठा नव्हता. अंगठा आणला, तर तुरुंगाच्या साहेबाची सही राहिली.

"मुदतीचे तीनच दिवस उरलेत, बाई," कारकून म्हणाला.

"मुदत तुमीच खाल्ली, नि वर मला सांगता? म्हावरं विकताना आमी गिऱ्हाईकाला एवढं फिरवत नाय!"

शिपायाने दोघींना बाहेर काढलं.

शेवटच्या दिवशी अर्ज दाखल झाला. जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी आग्नेलला बोलावून घेतलं. त्याच्या हातात बेडी होती आणि बेडीला बांधलेला दोर शिपायाच्या मुठीत.

"बायको म्हणते, तू कबुली दिलीच नाहीस. खरं?"

आग्नेल खिडकीबाहेर बघत होता.

"तुलाच विचारतोय! बोल!"

सालोमी उठली. "सायेब, त्याला—"

"बसा खाली! उत्तर आरोपीच देईल."

सालोमी खाली बसली. लूर्डस मात्र सरळ पुढे गेली आणि तिने शिपायाच्या हातातल्या दोराला दोन हिसके दिले.

बाबा वळला. मग जन्मापासून मुक्याबहिऱ्या असलेल्या त्या माणसाला तिने साहेबांचा प्रश्न हातांनी विचारला.