छातीवरचा बिल्ला

परक्या देशात दारोदार धर्मप्रचार करून आणि तोंडावर आपटलेली दारं बघून पोरं मेटाकुटीला आली होती. म्हणून मिशनच्या काकूंनी त्यांना डोंगरावर सहलीला नेलं. खाणं झालं, गाणी झाली, आणि उतरताना धुकं दाटलं. त्यातच पोरांमधल्या लंबूचा पाय असा मुरगळला की जमिनीला टेकवेना. थंडीने त्याचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हा कुठे एका घराची उजळलेली खिडकी दिसली.

दाराशी पोचताच काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "छातीवरचे बिल्ले काढून खिशात टाका. प्रचारक आलेत हे कळलं तर कुणी दार उघडायचं नाही."

"पण काकू, ही लपवाछपवीच झाली ना?" लंबू कण्हत म्हणाला.

"पाय बघ आधी स्वतःचा. काढ."

काकूंनी स्वतःचाही बिल्ला काढला आणि दार ठोठावलं. खिडकीचा पडदा सरकला. आतल्या म्हातारीने एकेकाला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"अनोळखी माणसांना मी दार उघडत नाही बाई. ती बिल्लेवाली पोरं असती तर गोष्ट वेगळी होती, परवाच बिचारी माझी लाकडं फोडून देऊन गेली."