मागचा डावा स्पीकर

बाबा गेल्यावर त्यांच्या सिनेमांच्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

अडत होतं ते आवाजापाशी. डिस्कवर सहा स्पीकरचा आवाज वेगवेगळा असतो. तो तसाच ठेवला तर जागा फार खातो, दोन स्पीकरपुरता केला तर थोड्या जागेत मावतो. काय गाळायचं ते ठरवायला मी एकेका स्पीकरचा आवाज सुटा ऐकत होते.

मागच्या डाव्या स्पीकरमध्ये कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग घसा साफ केला. हुबेहूब बाबा. त्यांची खुर्ची त्याच स्पीकरखाली असायची.

पुढच्या डिस्कवरही तेच. त्याच्या पुढच्याही. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर आमच्या घरातला खोकला येईल कसा?

आईला ऐकवलं. तिचा चेहरा उतरला. "काढून टाक तो. मला सिनेमा बघवायचा नाही."

मी मागचे आवाज गाळले आणि समोरचे तेवढे दोन स्पीकरमध्ये बसवले. डिस्क भंगारात गेल्या. संध्याकाळी आईला सिनेमा लावून दिला आणि भिंतीवरून उतरवलेला मागचा डावा स्पीकर मांडीवर घेऊन त्याची वायर गुंडाळत बसले.

"गेला बाई तो खोकला एकदाचा," आई म्हणाली.

तेवढ्यात आमच्या मागे कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग घसा साफ केला.

मी मांडीवरच्या स्पीकरकडे पाहिलं. आईने मान वळवली नाही. पडद्याकडे बघतच, नेहमीच्या आवाजात तिने विचारलं,

"अहो, पाणी देऊ का?"