धाकटीचा भाग

"आता घराला हुशार सून मिळाली," धाकटी लग्न होऊन आली त्या दिवशी सासूबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या. थोरली तेव्हा सात वर्षं त्याच घरात होती. ते 'आता' कुसळासारखं तिच्या मनात रुतून बसलं.

पुढे दोघी जावा एकाच ऑफिसात, एका दवाखान्याच्या सॉफ्टवेअरवर कामाला लागल्या. रुग्णांची नोंदणी थोरलीकडे, डॉक्टरांच्या वेळा धाकटीकडे. धाकटीचं काम पुरं होईपर्यंत थोरलीने चाचणीसाठी त्या जागी एक नकली भाग बसवला होता. डॉक्टर मोकळे आहेत का, असं विचारलं की तो आपला "हो" म्हणायचा. सगळं कसं सुरळीत चालायचं.

सोमवारी धाकटीने खरा भाग थोरलीच्या हातात दिला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "काम असावं तर असं!" संध्याकाळी थोरली त्यांच्या टेबलाशी गेली. "माझं सगळं ठीक आहे हो साहेब. तिचा भाग जोडला की कोलमडतं."

तीन दिवस धाकटीने तहानभूक विसरून चूक शोधली. गुरुवारी ती सुजल्या डोळ्यांनी थोरलीच्या खुर्चीशी आली.

"ताई, नाही सापडत हो. तुम्ही इतकं जोडून बघताय माझ्यासाठी, आणि मी ही अशी! साहेबांना सांगून येते, मला काढा यातून."

ती वळली. थोरलीने तिचं मनगट घट्ट धरलं.


"थांब गं. तुझा भाग मी अजून एकदाही जोडून पाहिलेला नाही."