मुठीतली किल्ली

पुरुषाशी संसार थाटणाऱ्या पुरुषाला चर्चचा पाळक करायचं नाही, हा नियम पंथानं बदलला, तेव्हा विरोधात पहिला हात लॉइडनं वर केला होता. आणि आज, त्यानंच रविवारच्या शाळेत शिकवलेला आणि आता एका पुरुषाशी संसार थाटलेला नेथन पाळकपदाच्या दीक्षेसाठी व्यासपीठापुढे गुडघे टेकून बसला होता. रीतीप्रमाणे मंडळीचे पंच उठले. पुढच्यांनी नेथनच्या डोक्यावर हात ठेवले, मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर. लॉइडही पंचच, पण पिकअपची किल्ली काढून बाजूच्या दाराकडे निघाला आणि नेमका गर्दीत अडकला. मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात टेकवला. “अरे, पुढे पोचव की! आशीर्वाद तुझ्यापाशीच अडलाय.” गोंधळून त्यानं पुढे उभ्या थोरल्या बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. “काय टोचतंय रे?” “किल्ली.” “म्हणजे तू निघालायस की आलायस?” “ताई, तेच तर कळत नाहीये,” लॉइड पुटपुटला. किल्लीसकट हात मात्र तिथंच राहिला.