कुंपणापाशीचे कंदील

लटारूने बत्तीला टिचकी मारली आणि लग्नाचा मांडव अंधारात गेला.

टिचकी चांगल्या मनानेच मारली होती. काचेवर किडे बसले होते, ते लटारूला, नवरीच्या मामाला, पाहवेनात. घरच्या कंदिलाला तो रोज अशीच मारतो. पण ही गॅसबत्ती होती, सावली गावाहून बत्तीवाल्या बाबूभाईने बैलगाडीत मांडीवर धरून आणलेली. तिच्यातली जाळी एकदा पेटली की राखेचीच उरते. ती राखच पांढराशुभ्र उजेड देते आणि तिला धक्का म्हणून सोसत नाही. चिमूटभर राख खाली पडली, भडका उठला, बाबूभाईने धावत येऊन चावी पिळली. घरामागच्या त्या वाडीत आता तसबिरींपुढची एक मेणबत्ती तेवढी राहिली. विजेचे खांब त्या वर्षी, ब्याऐंशीत, सडकेपर्यंतच आले होते.

"दुसरी जाळी लावा न भाऊ," नवरीचा बाप श्रावण म्हणाला. नाल्याकडून वरातीचं डफडं ऐकू येऊ लागलं होतं.

बाबूभाईने खिशात हात घातला. पुडी निघाली, पण रिकामी. शेवटची जाळी कालच्या लग्नात लागली होती आणि नवी घ्यायची तो विसरला होता. बाबूभाईची बत्ती म्हणजे रात्रीचा दिवस, असं वीस वर्षं लोक म्हणत आले होते. तो मेणबत्तीच्या उजेडात पुडी उलटीसुलटी करून पाहत राहिला.

"पोंभुर्ण्याचे वऱ्हाडी काय म्हणतीन गा?" श्रावण नाल्याकडे पाहत म्हणाला. "अंधारात पोरगी देल्ली म्हणतीन."

कंदील नव्हते असं नाही. कुंपणाला लागून चाळीसेक कंदील आणि चिमण्या ओळीने ठेवलेल्या होत्या, सगळ्या विझवलेल्या. इथली रीतच ती. पाहुणे जंगलातल्या टोल्यांवरून, लांबच्या वस्त्यांवरून, आपापला दिवा घेऊन येतात आणि बत्तीच्या उजेडात पाय पडला की फुंकर मारून तो कुंपणापाशी ठेवतात. घासलेट कार्डावर मिळे, तेही मिळे तेव्हा. दिव्यात असे ते परतीच्या वाटेपुरतंच, आणि टेंभराची फळं पिकली होती, म्हणजे वाटेवर अस्वल ठरलेलं. तेव्हा कोणाला चिक्कू म्हणायचीही सोय नव्हती. सगळे कुंपणाकडे पाहत होते आणि कोणी हलत नव्हतं.

बायनाबाई उठली. सावलीच्या वाटेवर, नाल्यापलीकडे राहणारी ही म्हातारी एकटीच आली होती. तिची चिमणी म्हणजे औषधाची बाटली, बुचात वात खोवलेली. ती तिने चाचपडत शोधली, मेणबत्तीवर पेटवली आणि मांडवाच्या खांबापाशी ठेवली.

"बाई वो, घरी जाशीन कशी?" लटारूने विचारलं.

"जाईन तं जाईन. पोरीचं तोंड तं दिसू दे."

मग पाहुण्यांतली रुखमा उठली, तिच्यामागून तिचा नवरा, आणि मग कोणी थांबेना. एका वातीवर दुसरी पेटत गेली. कोणी कंदील आंब्याच्या फांदीला टांगला, कोणी विहिरीच्या काठावर ठेवला, कोणी नुसताच सारवलेल्या जमिनीवर. आणि वाडी उजळली. उजळली म्हणणंही थिटं आहे. गॅसबत्तीचा उजेड वरून पडतो आणि डोळ्यांत घुसतो. हा खालून आला, चहूकडून आला, हळदीसारखा पिवळा, आणि मांडवाच्या जांभळीच्या पानापानाला लागला. रडतं पोर गप्प झालं. पांढऱ्या लुगड्यात नवरी कमला घरातून बाहेर आली, तर तिची सावली कुठेच पडेना. बापाने लेकीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच जन्मली.

वीस वर्षं लोकांची लग्नं उजळणाऱ्या बाबूभाईने हे कधी पाहिलं नव्हतं. आपल्या बत्तीमुळेच ते दिसलं नव्हतं, हेही त्याला कळलं. "सुभानअल्ला," तो हळूच म्हणाला.

वरात वळणावर आली आणि डफडं थांबलं. थांबा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. नवरदेवाचा आजा सोमाजी वाडीच्या फाटकात चपला काढून उभा राहिला. जमिनीवरचे दिवे बघत तो श्रावणला म्हणाला, "अगा, आता मी पाय कुठी ठेवू?"

श्रावण पुढे झाला. त्याने म्हाताऱ्याचा हात धरला आणि दिव्यांमधून वाट काढत त्याला आत आणलं.

त्रिसरण, पंचशील झालं. हार पडले. जेवणाच्या पंगती उठल्या तेव्हा वाती फडफडू लागल्या होत्या आणि आता लोकांना परतीची वाट आठवली.

बाबूभाई उठला. त्याने बत्तीच्या टाकीतली हवा सोडली, झाकण काढलं आणि कुंपणापाशी उकिडवा बसला. गाडीतला घासलेटचा डबाही त्याने शेजारी ठेवला. ज्याचा त्याचा दिवा पुढे आला आणि तो नरसाळ्याने थोडं थोडं ओतत गेला. एकही थेंब सांडला नाही.

शेवटी बायनाबाईची बाटली आली. तिला पुरेल इतकंच उरलं होतं.

"अन् तुमची बत्ती, भाऊ?"

"ते तं राख झाली, बाई. तेल थोडीच राख झालं."

दिवे एकेक करून झाडांत शिरले. बाबूभाईने बैल जुंपले. डबा कोरडा होता, टाकी कोरडी होती, गाडीला दिवा नव्हता. बायनाबाईची वाट तीच होती. ती गाडीत पुढे चढून बसली, चिमणी पदराच्या आडोशाने बैलांच्या वर धरली आणि म्हणाली,

"हाका भाऊ. दिसून राह्यलं."