रोशनीचं वेळापत्रक

दिवाळी सरली, तशी दहावीतल्या रोशनीनं अभ्यासाचं वेळापत्रक आखलं आणि आईला, सोमीला, वाचून दाखवलं.

"पहाटे चारला गणित."

"चारला नको गो," सोमी म्हणाली, "दुपारचा ठेव."

आई पहिल्यांदाच अभ्यासात एवढं लक्ष घालतेय, म्हणून रोशनीनं हौसेनं खाडाखोड केली. सोमीनं कागदाला हळदकुंकू वाहिलं, तो कपाळाला टेकवला आणि भांड्यांच्या गाठोड्यात जपून ठेवला.

"आये, गाठोडा कशाला?"

"उद्या वीटभट्टीवर जायचा ना. तिथं चारला माती मळायला लागते."

"यंदा मी रहाते बोललेली ना!"

"एकल्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू?"

"मंग परत कंदी यायचा?"

"वैशाखात," सोमी खाली मान घालून म्हणाली.

वेळापत्रकात अभ्यास सगळा मावला होता. परीक्षा मार्चात होती.